घरातली वेल किती वाढते?



या व्याख्यानमालेत कालपर्यंत मोठमोठ्या विषयांवर भाषणे झाली. आज आम्ही जो विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत तो एका कुंडीत मावणारा आहे. कुंडी कशाला, औषधाच्या रिकाम्या बाटलीतही तो मावेल. खिडकीच्या गजाला, दुकानाच्या गल्ल्याशेजारी, वकिलांच्या टेबलावर जी हिरवी-पिवळी वेल असते आणि जिला आपण सर्वजण मनीप्लांट म्हणतो, ती वेल किती मोठी होते आणि किती वेगाने वाढते, एवढाच आजचा प्रश्न. असल्या प्रश्नासाठी वसंतातली एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर तीत गैर काही नाही. ती आमच्याही मनात आली होती.

पण आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकविले. या तीस वर्षांत रस्त्यात, लग्नकार्यात, एस. टी.च्या थांब्यावर लोकांनी आम्हाला जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला तो कापसाचा नव्हे, तुरीचा नव्हे, मोसंबीचाही नव्हे. तो प्रश्न होता : "सर, आमची मनीप्लांट वाढत का नाही?" हे विचारताना माणसाचा आवाज थोडा खाली येतो. जास्वंदीला कळी धरली नाही तर कोणी आवाज खाली आणीत नाही. या वेलीच्या नावातच पैसा बसला आहे. तेव्हा ती खुंटली म्हणजे घरात काही खुंटले, आणि तिचे पान पिवळे पडले म्हणजे काही अशुभ येणार, ही धाकधूक त्या आवाजात असते. त्या धाकधुकीपायीच आम्ही आज येथे उभे आहोत. तिच्यापायी आमच्या जवळच्या माणसांना आम्ही एकदा दुःख दिले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम या वेलीचे मूळ गाव पाहू. दक्षिण पॅसिफिक महासागरात ताहितीच्या शेजारी मोरेआ नावाचे एक लहानसे डोंगराळ बेट आहे. तेथील दमट अरण्य हे हिचे माहेर, असे आज वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. युरोपातील शास्त्रज्ञांनी १८८० साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तेव्हापासून तिचे शास्त्रीय नाव तीन-चार वेळा बदलले. आज ती 'एपिप्रेम्नम ऑरियम' म्हणून ओळखली जाते. गंमत अशी की मोरेआ विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे साडेसतरा अंशांवर आहे आणि आपले जालना उत्तरेस सुमारे वीस अंशांवर. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ही वेल आपल्याकडे फारशी परकी नाही. परकी आहे ती हवेच्या हिशेबाने. तेथे समुद्राचा ओलावा बाराही महिने. येथे वैशाखात दुपारी हवेतील ओल वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि वाळत घातलेले धोतर अर्ध्या तासात कडक होते. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो फार उपयोगी पडणार आहे.

हिचे कूळ मात्र आपल्या ओळखीचे आहे. ती अळूच्या कुळातली. अळूची भाजी कच्ची राहिली किंवा चिंच कमी पडली तर घसा खवखवतो. सुरण चिरताना हात खाजतात. त्याचे कारण या वनस्पतींच्या पेशींत असणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक. हेच स्फटिक मनीप्लांटच्या पानांतही आहेत. तेव्हा रांगते मूल घरात असेल तर कुंडी त्याच्या हाताबाहेर असावी. पान चघळले तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात. अळू शिजवून खाता येतो, ही वेल खावयाची नाही, एवढे माताभगिनींनी ध्यानी धरावे.

आता आपल्या गावाला विशेष वाटेल अशी एक गोष्ट. जालना हे बियाण्यांचे शहर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी स्थापन केली. बियाण्यांच्या क्षेत्रातील कार्याबद्दल १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून येथे अनेकांनी तो व्यवसाय वाढविला. पिशवीतले बी, उगवणीची टक्केवारी, नर-मादी ओळी हे शब्द या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक. अशा या गावात घरोघर एक वनस्पती अशी आहे की जिचे बी आजवर येथे कोणी पाहिलेले नाही! आपल्यापैकी एकाने तरी मनीप्लांटचे फूल पाहिले आहे काय? पाहिलेले नसणारच. ही वेल जवळजवळ फुलतच नाही.

ती का फुलत नाही याचा उलगडा २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी केला. वनस्पतींच्या अंगात जिबरेलिन नावाचे एक वाढद्रव्य असते. फुलावर येण्यासाठी या वेलीला ते लागते. पण ते तयार करणाऱ्या एका जनुकाचे काम हिच्यात बिघडलेले आहे. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन फवारले तेव्हा तिला फुले आली. हे द्रव्य आपल्या जिल्ह्यात अपरिचित नाही. पाणलोटाच्या कामासाठी आणि द्राक्षांसाठी नावाजलेल्या कडवंचीत जाऊन कोणत्याही बागाइतदाराला विचारा. घड लांबावा, मणी फुगावा म्हणून ते ज्याला 'जी. ए.' म्हणतात तेच हे. त्याचा शोध जपानात भाताच्या एका रोगातून लागला. त्या रोगाने रोपे भलतीच उंच होत आणि कोलमडून पडत. शेतकरी त्यांना वेडी रोपे म्हणत. एक बुरशी हे घडविते असे १९२६ साली कुरोसावा यांनी दाखविले. म्हणजे ज्या द्रव्याच्या अतिरेकाने भात वेडा होतो त्याच्याच अभावी आपली वेल मुकी राहते.

फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून वाढ सारी कांड्यांवर. आपल्या घरची वेल शेजारच्या घरच्या वेलीचा तुकडा, ती आणखी कोणाच्या वेलीचा तुकडा. ऊस लावताना आपण दोन डोळ्यांची टिपरी घेतो तसेच हे आहे. डोळा असेल तर कोंब फुटेल. नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तर मुळी फुटतीलही, पण नवी वेल होणार नाही. पुष्कळांची बाटलीतली वेल महिनोन् महिने एका पानावर राहते ती याच कारणाने. ती बिचारी वाढत नाही, कारण वाढण्यास लागणारा डोळाच आपण तिच्यासोबत घेतलेला नसतो. मनीप्लांट चोरून आणली तरच वाढते असा एक समज आहे. तोही येथेच निकालात काढू. चोरणारा घाईत असतो, तो पान न खुडता कांडीच मोडून घेतो, आणि कांडीला डोळा असतो! मागून घेतलेल्या कांडीलाही डोळा असला तर ती तितकीच वाढते. तेव्हा शेजाऱ्याकडे उजळ माथ्याने मागावी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही वेल किती मोठी होते?

आपल्या घरातील पान आपण पाहतो ते तीन-चार बोटे रुंद आणि वीतभराहून लहान. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका जुन्या बागेत आम्ही एका वृक्षाखाली उभे होतो. त्याच्या खोडावर सुपाएवढ्या पानांची एक दांडगी वेल चढली होती, पाने कडेने चिरत गेलेली. ही कोणती वेल, असे सोबतच्या मंडळींनी विचारले. आम्ही सांगितले, ही तुमच्या दिवाणखान्यातली मनीप्लांट. कोणाचाही विश्वास बसेना. पण गोष्ट खरी आहे. योग्य आधार आणि योग्य हवा मिळाली तर ही वेल वीस मीटरपर्यंत चढते, तिचे पान एक मीटर लांब आणि जवळजवळ अर्धा मीटर रुंद होऊ शकते. कुंडीतले पान दहा सेंटिमीटर धरा. लांबी दसपट, तशी रुंदीही वाढली, म्हणजे पानाचे क्षेत्र शंभरपट झाले. कुंडीत आपण पाहतो ते या वेलीचे बाळपण आहे. पुष्कळ घरांत ती वीस-वीस वर्षे बाळच राहते.

हे बाळपण संपते कशाने? खत घालून नव्हे. ते संपते आधाराने. अरण्यात ही वेल जमिनीवरून सरपटत असते तोवर तिची पाने लहान असतात. एखादे खोड सापडले, त्याला तिच्या पेरांची मुळे चिकटली आणि ती वर चढू लागली की प्रत्येक नवे पान आधीच्याहून मोठे येते. उलट तीच वेल खाली लोंबू दिली तर पेरे लांबतात आणि पाने लहान होत जातात. हिच्याच कुळातील मॉन्स्टेरा नावाच्या वेलीवर मध्य अमेरिकेत स्ट्राँग आणि रे या शास्त्रज्ञांनी काम केले. १९७५ साली त्यांनी दाखविले की तिचे कोवळे रोप उजेडाकडे न जाता क्षितिजावरील सर्वांत गडद भागाकडे, म्हणजे मोठ्या खोडाच्या दिशेने सरपटते. उजेड हवा असेल तर आधी आधार शोधला पाहिजे, हे त्या रोपाला उमगलेले असते असे म्हणावेसे वाटते.

हे पुस्तकातले झाले. आमच्याच घरी काय होते ते पाहावे म्हणून आम्ही एका वेलीच्या सारख्या दोन कांड्या सारख्याच दोन कुंड्यांत लावल्या आणि एकाच खिडकीपाशी ठेवल्या. एक वेल फळीवरून खाली सोडली. दुसरीला काथ्या गुंडाळलेली काठी दिली आणि काथ्या ओला ठेवला. वर्षभर दर रविवारी फूटपट्टीने मापे घेऊन वहीत मांडली. लोंबणाऱ्या वेलीला वर्षात चोवीस पाने आली आणि ती सुमारे पावणेदोन मीटर लांब झाली. पण नऊ सेंटिमीटरांपासून सुरू झालेले तिचे पान शेवटी सहावर आले. चढणारी वेल वर्षात सव्वा मीटरच वाढली. पण तिचे शेवटचे पान अठरा सेंटिमीटरांचे होते. आता कोणती वेल अधिक वाढली म्हणावी? शेजारीपाजारी लोंबणाऱ्या वेलीचे कौतुक करीत, कारण लांबी डोळ्यांत भरते. आमच्या मते वाढली ती दुसरी. नुसते लांबणे आणि वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. हे वेलीपुरते खरे आहे. त्यापलीकडे कोठे लागू पडते काय, ते ज्याचे त्याने पाहावे.

वेगाचा हिशेब आता पाहू. लोंबणाऱ्या वेलीच्या चोवीस पानांपैकी दहा पाने जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांत आली. श्रावणातल्या चांगल्या आठवड्यांत ती दिवसाला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढत होती. पौषाच्या थंडीत महिन्यास एक पान. मे महिन्यात एकही नाही. दिवसाला एक सेंटिमीटर म्हणजे किती? भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा आपल्याला हलताना दिसत नाही. तो काटा दहा सेंटिमीटर लांब असेल तर त्याचे टोक तासाला पाच सेंटिमीटरांहून थोडे अधिक सरकते. आपली वेल भर श्रावणात त्याच्या सव्वाशेपट सावकाश चालते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतीची वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र बनविले. त्यात ही हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखवीत. आपल्या घरी तसे यंत्र नाही, पण पेन्सिल आहे. भिंतीवर दर आठवड्याला एक खूण करा. "वाढत नाही" म्हणणाऱ्या दहांपैकी निदान चारांची वेल वाढत असते. पाहणाऱ्याची घाई मात्र तिच्याहून सव्वाशेपट असते.

उरलेल्या सहांची मात्र खरोखरच वाढत नाही. तेथे काय अडते?

खतशास्त्रात एक जुना नियम आहे. जर्मनीत स्प्रेंगेल यांनी तो मांडला आणि लीबिग यांनी १८४० नंतर तो सर्वतोमुखी केला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर बैलगाडी चालते ती मंद बैलाच्या चालीने. दुसऱ्या बैलाला कितीही पेंड चारली तरी गाडीचा वेग वाढत नाही. वेलीला पाणी, उजेड, ऊब, हवेतली ओल, मुळांना हवा आणि थोडी खनिजे लागतात. यांतील जे सर्वांत कमी असेल ते वाढीचा वेग ठरविते. आपण मात्र जे हाताशी असते तेच वाढवितो. हाताशी असते पाणी.

उजेडाचेच घ्या. भर दुपारी उघड्यावर जो प्रकाश असतो तो एक लाख लक्सच्या घरात जातो. सावलीतल्या ओसरीवर तो काही हजारांवर येतो. घराच्या आतल्या भिंतीपाशी, जेथे आपल्याला वर्तमानपत्र सुखाने वाचता येते, तेथे तो शे-दोनशेच असतो. आपला डोळा फार समंजस आहे, तो अंधाराशी जमवून घेतो. म्हणून आपल्याला हा शेकडोपटींचा फरक जाणवत नाही. वेलीला जाणवतो. शे-दोनशे लक्समध्ये ती जगते, पण वाढीसाठी तिच्यापाशी शिल्लक काही उरत नाही. महिन्याचा पगार महिन्यालाच संपणाऱ्या घरासारखी तिची स्थिती असते. तिला खिडकीपासून हातभर अंतरावर आणा. मात्र थेट ऊन लागू देऊ नये, आपल्या उन्हाने पान भाजते.

ऊब तिला वीस ते तीस अंशांची मानवते. पंधराच्या खाली वाढ जवळजवळ थांबते, आणि आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री त्याच्याही खाली जातात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी होते. मग पाने आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतात. छिद्रे मिटली म्हणजे पाणी वाचते, पण हवेतला कार्बनही आत येत नाही, अर्थात वाढही नाही. मे महिन्यात वेल थांबली म्हणजे ती आजारी नव्हे. ती आपल्यासारखीच सावलीत पडून पावसाची वाट पाहत असते. एका विद्यार्थ्याने आम्हाला सांगितले की त्यांच्या घरची वेल उन्हाळ्यातच अधिक वाढते. आम्ही जाऊन पाहिले. ती कूलरच्या खिडकीशेजारी होती. मोरेआची हवा तिला तेथे चार महिने फुकट मिळत होती. ज्यांच्याकडे कूलर नाही त्यांनी ती मोरीजवळ किंवा माठाशेजारी ठेवावी.

आता माती आणि पाणी. येथे आम्हाला ती हकीकत सांगितली पाहिजे.

२०१२ साली पावसाने दगा दिला आणि २०१३चा उन्हाळा जालना जिल्ह्याने कसा काढला ते येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. कदाचित आपणच ती होतो. त्या वर्षी जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या थोरल्या बहिणीचे घर अंबड तालुक्यात. दाजींची मोसंबीची बाग पंधरा वर्षांची होती, ऐन भरातली. त्यांनी विहीर खोल केली, बोअर घेतले, टँकर विकत आणले. शेवटी एप्रिलमध्ये त्यांनी बागेत जाणेच सोडले.

घरात देवघराशेजारी एक मनीप्लांट होती. मोसंबीचे पहिले चांगले पीक आले त्या वर्षी अक्काने ती लावली होती. बाग वाळू लागली आणि त्याच सुमारास हिची पाने पिवळी पडू लागली. अक्काच्या मनाने घेतले की दोन्ही एकच. ती पिण्याच्या हंड्यातले तांब्याभर पाणी रोज त्या कुंडीत ओतू लागली. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, तू एवढा झाडांचा मास्तर. बघ की हिला काय झालंय." आम्ही प्रवासाने शिणलो होतो. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन. दारातूनच वेलीकडे पाहिले आणि म्हणालो, "पाणी कमी पडतंय अक्का, थोडं वाढव." चहा घेतला आणि परत आलो.

पंधरा दिवसांत वेल मुळापासून गळून पडली. अक्काचा निरोप आला तो वेलीचा नव्हता, दाजींचा होता. ते जेवत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. "घरातली पण गेली, आता राहिलं काय," एवढेच म्हणत. त्या वर्षी मराठवाड्यात अशा बोलण्याचा अर्थ काय होऊ शकतो हे आम्हाला कळत होते. आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो.

गेल्यावर प्रथम कुंडी उपडी केली. आत शेतातली काळी माती, चिखल झालेली, नासका वास येणारी. कुंडीचे भोक बुजलेले. मुळे काळी पडून लिबलिबीत झालेली. आपली काळी जमीन शेतात कापसाला धरून ठेवते, पण कुंडीत ती पाण्याने फुगते आणि मुळांची हवा बंद करते. जी गोष्ट मोसंबीच्या बागाइतदाराला आम्ही सांगावयास नको होती! भारी जमिनीत पाणी साचले की मोसंबीला डिंक्या लागतो, म्हणून निचऱ्याची जमीन पाहूनच कलम लावतात. तेच येथे घडले होते. त्या दुष्काळात, जेव्हा माणसांना पाणी नव्हते, तेव्हा ही वेल पाण्यात बुडून मेली होती, आणि तिला बुडविण्याचा सल्ला आमचा होता. तीस वर्षे शिकवून आम्ही मातीला एकदा बोट लावले नव्हते.

आम्ही दाजींना कुंडी दाखविली आणि सांगितले की बाग पाण्यावाचून गेली, ही पाण्यामुळे गेली. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि हिच्या बाबतीत चूक आमची आहे. ते बराच वेळ त्या मुळांकडे पाहत राहिले. त्यांनी एक मूळ चिमटीत धरून सोलून पाहिले, जसे ते मोसंबीचे पाहत. मग त्यांनी विचारले, "मग हिला पाणी लागतं तरी किती?" आम्ही म्हणालो, बोट दोन पेरे मातीत घाला, ओल लागली तर थेंबही नको, लागली नाही तर वाटीभर. शेंड्याकडचा एक डोळा अजून हिरवा होता. तो कापून अक्काने बाटलीत ठेवला.

त्या संध्याकाळी दाजी जेवले. पुढे पाऊस झाला. दोन वर्षांनी त्यांनी निम्म्या क्षेत्रावर पुन्हा मोसंबी लावली, या वेळी ठिबकवर. हे वेलीमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या मुलाने धीर दिला, गावकऱ्यांनी दिला, पावसाने दिला. पण एवढे खरे की ज्या क्षणी त्यांनी "किती पाणी लागतं" हे विचारले त्या क्षणी ती वेल त्यांच्यासाठी शकुन राहिली नाही, वनस्पती झाली. शकुनापुढे माणूस हात जोडून बसतो. वनस्पतीपुढे त्याला काहीतरी करता येते.

म्हणून आमची आपणास विनंती आहे. या वेलीवर तिला न पेलणारे ओझे घालू नका. ती घरात पैसा आणीत नाही. ती हवा शुद्ध करते असेही अलीकडे सांगतात. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगावरून ही समजूत पसरली. पण २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा दिसले की खिडकी उघडल्याने होते तेवढे काम व्हावयास दर चौरस मीटरला निदान दहा आणि कदाचित हजार कुंड्या लागतील. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत शंभराहून अधिक कुंड्या झाल्या. मग माणसांनी बसावयाचे कोठे? तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा, पैशासाठी कष्ट करा आणि वेल वेलीसाठी ठेवा. आणि ती नकोशी झाली तर ओढ्याकाठी टाकू नका. श्रीलंका आणि हवाई यांसारख्या दमट प्रदेशांत हीच वेल रानात शिरून तेथील झाडे झाकून टाकते.

मग किती वाढते आणि किती वेगाने, याचे उत्तर काय? अंधाऱ्या कोपऱ्यात ती वर्षाला चार पाने देईल. खिडकीपाशी दोन डझन देईल. काठी दिली तर पान दुप्पट करील. खोड आणि ओली हवा मिळाली तर सुपाएवढे पान धरील. वेल तीच, कांडीही तीच. काळ्या मातीत निम्मी वाळू, थोडे कुजलेले शेणखत, कुंडीला उघडे भोक, बोटाची परीक्षा आणि एक काठी, एवढी सामग्री कोणाच्याही ऐपतीत बसते.

त्या बाटलीतल्या एका डोळ्याची आज चार घरांत चार वेली आहेत. त्यांतली एक आमच्या घरी आहे. फूटपट्टी लावली ती तिलाच. परवा तिला नवे पान आले, एकोणीस सेंटिमीटरांचे. आम्ही ते दाजींना दूरध्वनीवरून कळविले. ते म्हणाले, "आमचं बावीसचं आहे."